सालीच्या अर्काची जंतुरोधक चाचणी: झाडापासून एमआयसीपर्यंत

एमएस्सीच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात झाडांच्या साली हमखास निघतात. अर्जुन, बाभूळ, कुडा, ऐन, जांभूळ, धावडा. सातपुडा उशाशी, भगत-वैदूंकडून ऐकलेली माहिती गाठीशी आणि खर्चही आवाक्यात, म्हणून विषय चांगलाच आहे. अडचण पुढे येते. बहुतेक अहवालांत पेट्री डिशचा फोटो असतो, मिलिमीटरचा तक्ता असतो आणि ‘अर्क प्रभावी आढळला’ असं वाक्य असतं. तो झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं वर्तुळ, अर्कामुळेच आला कशावरून, हे तोंडी परीक्षेत विचारलं की गाडी अडते. झोन हा फक्त इशारा असतो. उत्तर कंट्रोलमध्ये (तुलनेसाठी अर्काविना किंवा जंतूंविना लावलेल्या चाचणीत) आणि एमआयसीत (जंतूंची वाढ रोखणाऱ्या सगळ्यात कमी मात्रेत) असतं, म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे. जिथे फक्त नेहमीचं काम आहे तिथे भरभर पुढे गेलो आहे.

हे काम कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतच, मार्गदर्शकासमोर करायचं. घरी स्टॅफिलोकोकस वाढवायचा नाही, आणि कुणाच्या जखमेवरचा स्वॅब आणून तर मुळीच नाही.

आधी झाड पक्कं करा

सगळ्यात जास्त प्रोजेक्ट इथे फसतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. कुड्याचंच घ्या. औषधी म्हणून ज्याचं नाव आहे तो पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हीना प्युबेसेन्स. त्याच्या सालीत कोनेसीन हे अल्कलॉइड असतं. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, वेगळ्याच प्रजातीचं झाड. दोघांची पानं समोरासमोर, दोघांना पांढरा चीक, दोघांची फुलं पांढरी. नुसती साल हातात घेतली तर जाणकारही चकतो, आणि बाजारात एकाच्या नावावर दुसऱ्याची साल खपते ती म्हणूनच. फरक पाहायचा तर फुलं-शेंगा असताना जा. काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध झालरीसारखे तंतू असतात, पांढऱ्यात नसतात. काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोकं कोवळेपणी एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या दोन्ही शेंगा सुरुवातीपासून सुट्या लोंबतात.

तसाच घोळ अर्जुन आणि ऐन यांचा. दोन्ही टर्मिनॅलिया आणि दोघांनाही बोलीत ‘सादडा’ म्हणणारे लोक भेटतात. अर्जुनाची साल गुळगुळीत, राखाडी-फिकट, पापुद्रे सोडणारी. झाड नदी-नाल्याच्या काठाला. ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली.

म्हणून आयुर्वेदिक दुकानातली भरड घेऊन काम सुरू करू नका. ज्या झाडाची साल काढली त्याच झाडाची फुलं-फळं असलेली फांदी दाबून हर्बेरियम शीट बनवा. त्यावर तारीख, गाव, अक्षांश-रेखांश आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. ओळख कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडून करून घ्या. शीटचा क्रमांक अहवालात आला नाही तर पुढचं सगळं काम कुठल्या झाडावर झालं हे कुणालाच सांगता येणार नाही.

साल काढणं

यावल अभयारण्यात किंवा अनेर धरणाच्या अभयारण्यात परवानगीशिवाय कोयता चालवणं हा गुन्हा आहे. राखीव जंगलात वन विभागाचं पत्र हवं. अक्कलकुवा-धडगावकडच्या पाड्यांवर जात असाल तर ग्रामसभेला आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीला विचारून जा. ज्या भिल्ल किंवा पावरा भगताने झाडाचा उपयोग सांगितला, त्याला ‘हे मी लिहिणार आहे’ असं आधी सांगा आणि त्याच्या संमतीनेच लिहा. बाभूळ आणि कडुनिंबासाठी जंगलात जायची गरजच नाही, बांधावर हवी तेवढी झाडं आहेत. शेतमालकाला विचारलं की झालं.

खोडाभोवती गोल साल कधीच काढायची नाही. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे जातं. कडं पूर्ण झालं की झाड वाळतं. छाटलेल्या फांद्यांची साल मिळाली तर सगळ्यात उत्तम. खोडाचीच हवी असेल तर एकाच बाजूने, उभी, तळहाताएवढी पट्टी काढा. किमान तीन वेगवेगळ्या झाडांची साल घ्या आणि ती वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. एकाच झाडावरून ‘बाभळीची साल’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

वरची मेलेली खपली, दगडफूल आणि माती ब्रशने घासून काढा. नळाच्या पाण्याने झटकन धुवा, भिजत ठेवू नका. पाण्यात विरघळणारं तिथेच निघून जाईल.

वाळवणं आणि दळणं

सावलीत, हवेशीर जागी, कागदावर पसरून वाळवा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे साल चार-पाच दिवसांत कडकडीत होते. पत्र्याच्या छपरावर टाकायचा मोह टाळा, तिथलं तापमान सालीतल्या नाजूक घटकांना झेपणारं नसतं. पावसाळ्यात काम करायची वेळ आली तर ४० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा, नाहीतर बुरशी धरते आणि मग तुम्ही बुरशीच्या रसायनांची चाचणी करत बसता. सलग दोन दिवस वजन तेच भरलं की साल वाळली असं समजा.

दळायला मिरची-हळदीच्या चक्कीवर नेऊ नका. हळदीत स्वतःचेच जंतुरोधक घटक आहेत, आणि चक्कीच्या पात्यात अडकलेली चिमूटभर हळद तुमच्या अर्कात उतरते. प्रयोगशाळेचा वेगळा मिक्सर ठेवा, थांबून-थांबून फिरवा, ४० नंबरच्या चाळणीतून काढा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा.

अर्क

साधी आणि भरवशाची पद्धत म्हणजे भिजवणं. ५० ग्रॅम पूड, ५०० मिली द्रावक, झाकलेला फ्लास्क, ४८ ते ७२ तास शेकरवर. आधी मलमलीतून, मग व्हॉटमन एक नंबरच्या कागदातून गाळा. चोथा पुन्हा एकदा भिजवून दोन्ही गाळणं एकत्र करा.

द्रावक कुठला? एकच घ्यायचा असेल तर ७० टक्के इथेनॉल किंवा मिथेनॉल. दोन जमत असतील तर दुसरं पाणी घ्या, कारण भगत काढा पाण्यातच देतो, आणि ‘परंपरेला आधार मिळाला’ असं लिहायचं असेल तर पाण्याचा अर्क तपासल्याशिवाय तो हक्क मिळत नाही. पाण्याचा अर्क मात्र फ्रिजमध्येच भिजवा किंवा उकळून काढा; खानदेशच्या उकाड्यात तो दोन दिवसांत आंबतो. सॉक्सलेट (गरम द्रावक पुडीतून पुन्हा पुन्हा फिरवणारं उपकरण) वापरता येतं, पण त्यात अर्क कित्येक तास उकळत राहतो हे ध्यानात ठेवा.

मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची वाफ ११ अंशांनाही पेट घेऊ शकते; मेमधल्या ४४ अंशांच्या खोलीत काय होईल याचा अंदाज करा. बर्नर बंद, फ्यूम हूड चालू. पेट्रोलियम ईथर तर उन्हाळ्यात काढूच नये, असं माझं मत.

द्रावक उडवायला रोटरी इव्हॅपोरेटर ४० अंशांवर ठेवा. तो नसेल तर वजन केलेल्या पसरट काचेच्या भांड्यात, हूडखाली, वॉटर बाथवर. रिकाम्या भांड्याचं वजन आधी घ्यायला विसरलात तर उतारा काढता येणार नाही. समजा ५० ग्रॅम पुडीतून ७.२ ग्रॅम सुका अर्क निघाला, तर उतारा १४.४ टक्के. द्रावकाचा वास पूर्ण जाऊन लागोपाठच्या दोन वजनांत फरक येईनासा झाला की मगच अर्क सुका म्हणा. उरलेलं मिथेनॉल स्वतःच झोन देतं. सुका अर्क गडद बाटलीत, उणे २० अंशांवर.

विरघळवणं

सालीचे अर्क नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) हा द्रावक. तो १८.५ अंशांखाली गोठतो, त्यामुळे जानेवारीतल्या सकाळी बाटलीत बर्फासारखा घट्ट झालेला दिसला तर खराब झाला समजून ओतून देऊ नका. कोमट पाण्यात धरला की सुटतो. गाळून निर्जंतुक करायचा असेल तर ०.२२ मायक्रॉनचा पीटीएफई फिल्टर घ्या. सेल्युलोज नायट्रेट आणि सेल्युलोज ॲसिटेटचे पडदे डीएमएसओला टिकत नाहीत.

इथून पुढे दोन वेगळी द्रावणं लागतील: झोनसाठी मिलीला ५० मिलिग्रॅम आणि एमआयसीसाठी मिलीला २०० मिलिग्रॅम. तळाला गाळ राहिला तर तसं नोंदवा. हलवून गढूळ द्रावण वापरलं तर प्रत्येक वेलमध्ये (अर्क घालायच्या खड्ड्यात) वेगळी मात्रा जाते.

जंतू आणि मॅकफारलँड

प्रमाणित जंतू घ्या. आपल्याकडे ते चंदीगडच्या एमटीसीसी आणि पुण्याच्या एनसीआयएम संग्रहातून मिळतात. एक ग्रॅम-पॉझिटिव्ह, एक ग्रॅम-निगेटिव्ह एवढ्यावर पदव्युत्तर प्रोजेक्ट व्यवस्थित होतो. डिस्कसाठी (औषध शोषवलेल्या कागदी चकतीच्या चाचणीसाठी) स्टॅफिलोकोकस ऑरियस एटीसीसी (अमेरिकेतला जंतुसंग्रह) २५९२३ आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२ यांच्याशी समतुल्य जंतू मागवा, कारण प्रतिजैविकांचे मान्य आकडे यांच्यावरच बांधलेले आहेत. पदवीच्या वर्गाला बॅसिलस सबटिलिसवर हात बसवू द्या. ‘दवाखान्यातला रेझिस्टंट स्ट्रेन’ अहवालात ऐटदार दिसतो, पण जैवसुरक्षेची सोय नसलेल्या प्रयोगशाळेत त्याचं काम नाही.

०.५ मॅकफारलँड, म्हणजे जंतूंची संख्या जुळवायचं गढूळपणाचं प्रमाण, प्रयोगशाळेतच बनवता येतं: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिली आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मिली. ६२५ नॅनोमीटरला त्याचं शोषण ०.०८ ते ०.१३ असायला हवं. आदल्या रात्रीच्या ताज्या वसाहती सलाइनमध्ये मिसळून गढूळपणा याच्याशी जुळवा. मिलीला साधारण १.५ × १०⁸ जंतू होतात. तयार केल्यापासून १५ मिनिटांत वापरा.

झोन

म्युलर-हिंटन अगार (जंतू वाढवायचं घट्ट माध्यम), लिटरला ३८ ग्रॅम, १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह. ९० मिमीच्या प्लेटमध्ये २५ मिली ओतलं की जाडी ४ मिमीच्या आसपास येते. जाडी कमी झाली तर झोन फुगतो, जास्त झाली तर आकसतो. म्हणून डोळ्याच्या अंदाजाने ओतू नका. आमच्याकडच्या कोरड्या हवेत प्लेट उघडी ठेवून वाळवली तर अर्ध्या तासात कडा सुटायला लागतात. झाकण किंचित तिरकं ठेवून दहा मिनिटं पुरे.

स्वॅब नळीच्या कडेला दाबून पिळा. प्लेट ६०-६० अंशांनी फिरवत तीनदा पसरवा, शेवटी कडेने एक फेरी. मग निर्जंतुक ६ मिमीच्या कॉर्क बोररने वेल पाडा. वेलमधली चकती सुईने उपसली तर आसपासचा अगार तळापासून उचलला जातो, अर्क खालून पसरतो आणि झोन वेडावाकडा येतो. चकती हळूच ओढून घ्या आणि तळाला वितळलेल्या अगारचा एक थेंब सोडून भेग बुजवा. प्रत्येक वेलमध्ये ५० मायक्रोलिटर अर्क, शेजारी एका वेलमध्ये तितकाच डीएमएसओ, आणि जेंटामायसिनची १० मायक्रोग्रॅमची डिस्क. तासभर फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे वाढ सुरू होण्याआधी अर्क अगारात उतरेल. मग ३५ अंशांवर १६ ते १८ तास.

आता उन्हाळ्याची गोष्ट. साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं, गार करता येत नाही. खोलीच ४१ वर गेली की डायलवर ३५ असून आत ४१ च असतात. एप्रिल ते जून बीओडी इन्क्युबेटर (गारही करू शकणारा) वापरा किंवा प्रयोग हिवाळ्यातच आटपा. आत वेगळा थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ नोंद करा, आणि वीज गेली-आली तीही लिहा.

दुसऱ्या दिवशी आधी जेंटामायसिन पाहा. ई. कोलाय २५९२२ वर १९ ते २६ मिमी आणि स्टॅफिलोकोकस २५९२३ वर १९ ते २७ मिमी यायला हवेत. तसं नसेल तर त्या दिवसाच्या प्लेट बाद. अर्काचा झोन कितीही देखणा असला तरी. मोजताना वेलचा व्यास धरला की वगळला ते तक्त्याखाली लिहा.

आणि अर्काच्या झोनची प्रतिजैविकाच्या झोनशी बरोबरी करू नका. तुमच्या वेलमध्ये ५० मायक्रोलिटरमधून २.५ मिलिग्रॅम अर्क गेला, डिस्कमध्ये १० मायक्रोग्रॅम औषध आहे. म्हणजे अडीचशे पट. शिवाय दोन अर्कांची तुलनाही झोनवरून होत नाही. लहान, पाण्यात सहज विरघळणारा रेणू अगारात लांब जातो. सालीतल्या तुरट टॅनिनचा मोठा रेणू वेलच्या काठाशीच अडकतो. कमी झोन म्हणजे कमी ताकद, असं गणित इथे नाही.

टॅनिनचा सापळा

बाभळीची साल कातडी कमवायला वापरतात ती टॅनिनसाठीच. अर्जुन, ऐन, जांभूळ यांच्यातही ते भरपूर. टॅनिन प्रथिनांना साखळतं, त्यामुळे अगारातल्या प्रथिनांशी मिळून वेलभोवती तपकिरी वलय धरतं आणि ते झोनसारखं दिसतं. यावर सोपा उपाय आहे: जंतू न लावलेल्या एका प्लेटमध्येही तोच अर्क घाला. तिथे वलय दिसलं तर तेवढं वलय जंतूंचं नव्हे. अर्काचा सामूही तपासा. चार-साडेचारवर असेल तर तितक्याच सामूचं आम्ल एका वेलमध्ये घालून पाहा.

एक टक्का जिलेटिन आणि दहा टक्के मिठाच्या द्रावणात अर्क टाकल्यावर साका बसला, तर टॅनिन आहे. मग पीव्हीपीपीने (टॅनिन धरून ठेवणारी, न विरघळणारी पूड) टॅनिन काढून तोच अर्क पुन्हा तपासा. परिणाम नाहीसा झाला तर काम टॅनिनचं होतं. हा निकाल कमी प्रतीचा नाही, पण ‘नवीन जंतुरोधक घटक’ म्हणता येणार नाही. माझ्या मते ही एक पायरी जोडली तर प्रोजेक्टचं वजन दुप्पट होतं, आणि खर्च एका छोट्या डब्याचा.

एमआयसी

९६ वेलची प्लेट घ्या. २०० मिलिग्रॅमच्या द्रावणाचा एक भाग म्युलर-हिंटन ब्रॉथच्या (अगार नसलेल्या पातळ माध्यमाच्या) ४९ भागांत मिसळा. मिलीला ४ मिलिग्रॅम अर्क आणि २ टक्के डीएमएसओ असं कामाचं द्रावण होतं.

१. दोन ते बारा नंबरच्या उभ्या रांगांत प्रत्येकी १०० मायक्रोलिटर ब्रॉथ. अकराव्या रांगेतल्या ब्रॉथमध्ये २ टक्के डीएमएसओ, बारावी साधी.
२. पहिल्या रांगेत कामाचं द्रावण २०० मायक्रोलिटर.
३. पहिलीतून १०० उचलून दुसरीत, चार-पाचदा वर-खाली करून मिसळा, मग तिसरीत. असं दहावीपर्यंत. दहावीतले १०० टाकून द्या. दर वेळी नवी टिप.
४. मॅकफारलँडचं जंतुद्रावण ०.१ मिली घेऊन १४.९ मिली ब्रॉथमध्ये टाका. त्याचे १०० मायक्रोलिटर पहिल्या अकरा रांगांत, आठवी आडवी ओळ सोडून; तिथे साधा ब्रॉथ. बाराव्या रांगेत जंतूंऐवजी साधा ब्रॉथ.

आता प्रत्येक वेलमध्ये मिलीला साधारण ५ × १०⁵ जंतू, आणि अर्काची मात्रा २००० मायक्रोग्रॅमपासून निम्मी-निम्मी होत ३.९ पर्यंत. डीएमएसओ कुठेच १ टक्क्यापेक्षा जास्त नाही. अ, ब, क या आडव्या ओळी एका जंतूच्या आणि ड, ई, फ दुसऱ्याच्या. सातवी ओळ जेंटामायसिनची, तिची पहिली रांग मिलीला ६४ मायक्रोग्रॅमने सुरू करा, म्हणजे अंतिम ३२ येईल, ई. कोलाय २५९२२ चं उत्तर ०.२५ ते १ च्या दरम्यान पडायला हवं. आठवी ओळ अर्काची पण जंतूंविना. ही आठवी ओळ बहुतेकजण गाळतात, आणि सालीच्या कामात तिच्याशिवाय वाचनच होत नाही.

जंतू खरंच तेवढे होते का, हेही तपासा. लावल्याबरोबर अकराव्या रांगेतल्या एका वेलमधून १० मायक्रोलिटर काढून १० मिली सलाइनमध्ये टाका आणि त्यातले १०० मायक्रोलिटर प्लेटवर पसरा. दुसऱ्या दिवशी पन्नासच्या आसपास वसाहती आल्या तर गणित बरोबर.

सालीचा अर्क चहासारखा गडद असतो, त्यामुळे गढूळपणा डोळ्यांना कळत नाही. १८ तासांनंतर प्रत्येक वेलमध्ये ०.०१५ टक्के रेझाझुरिन (निळा रंग) ३० मायक्रोलिटर घालून पुन्हा दोन-तीन तास ठेवा. जिवंत जंतू निळ्याचं गुलाबी करतात. ज्या सगळ्यात कमी मात्रेला निळा टिकला, ती एमआयसी. पण टॅनिन स्वतःही रेझाझुरिनचा रंग बदलू शकतं. आठव्या ओळीत वरच्या मात्रांना जंतूंविनाच गुलाबी आलं तर त्या मात्रांचं वाचन सोडून द्या. तिथे निर्णय अगारवर होईल: निळ्या-संशयास्पद वेलमधून १० मायक्रोलिटर अगारवर ठेवा. पाच किंवा त्याहून कमी वसाहती आल्या तर ९९.९ टक्के जंतू मेले. ती मात्रा मारक. वसाहती भरपूर आल्या तर अर्क वाढ फक्त रोखतो. मात्र त्यासाठी थेंब रेझाझुरिन घालण्याआधी काढलेला बरा.

निकाल लिहिताना

एकाच दिवशी लावलेल्या तीन ओळी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळ्या दिवशी, ताज्या वसाहतींपासून केलेले तीन प्रयोग हवेत. झोनसाठी सरासरी आणि प्रमाण विचलन चालतं. एमआयसी दुपटीच्या पायऱ्यांवर उभी असते, तिची सरासरी काढून ‘२०८.३’ लिहिणं हास्यास्पद, मध्यक द्या.

कच्च्या अर्कासाठी मिलीला १०० मायक्रोग्रॅमखालची एमआयसी लक्षणीय मानायचा प्रघात आहे. हजाराच्या वर गेली तर स्पष्टपणे ‘क्षीण’ लिहा. स्टॅफिलोकोकसवर परिणाम आणि ई. कोलायवर शून्य, हे चित्र वारंवार दिसेल. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचं बाहेरचं आवरण अनेक वनस्पतिज रेणूंना आत शिरू देत नाही आणि शिरलेले पंपाने बाहेर टाकतं. शून्य आलं म्हणून मात्रा वाढवत १०० मिलिग्रॅमपर्यंत नेऊ नका. इतक्या मात्रेला कुठलाही घट्ट द्रव काहीतरी झोन दाखवतोच. शून्य तसंच छापा. आणि प्लेटवरचा निकाल माणसाच्या पोटातला निकाल नसतो, त्यामुळे ‘जुलाबावर उपयुक्त’ हे वाक्य तुमच्या प्रयोगातून निघत नाही.

प्लेट, टिप, स्वॅब सगळं १२१ अंशांवर किमान अर्धा तास ऑटोक्लेव्ह करून मगच टाका. मिथेनॉल बेसिनमध्ये न ओतता कचऱ्याच्या वेगळ्या कॅनमध्ये साठवा. उरलेल्या अर्काच्या बाटलीवर झाड, हर्बेरियम क्रमांक, द्रावक, तारीख आणि उतारा लिहून ती फ्रीझरमध्ये ठेवा, कारण परीक्षक ‘पुन्हा करून दाखवा’ म्हणू शकतात.